पंधरावं आणि सोळावं पान

मास्तरांनी अकरा वर्षं दोन पानं गिळली होती आणि ढेकरही दिला नव्हता.

मास्तर म्हणजे शहरातल्या मोठ्या सभागृहातल्या पाइप ऑर्गनचे वादक. घरात कपाटाशेजारी मावतो तो ऑर्गन वेगळा. हा दोन मजले उंच होता. दीड हजार नळ्या, हातांसाठी एकावर एक असे तीन कीबोर्ड, आणि पायांसाठी खाली ओळीने बत्तीस लाकडी पट्ट्या. सगळ्यांत लांब नळ्यांचे, जमिनीखालून आल्यासारखे आवाज पायांच्या वाट्याचे. लोकांना वाटतं, हे बसून करायचं काम, म्हणजे आरामाचं. अशा लोकांना एकदा त्या बाकावर बसवावं असं मास्तरांना फार वाटे. हात वरच्या कीबोर्डवर, डावा पाय एका टोकाला, उजवा दुसऱ्या टोकाला, आणि माणूस टेकलेला कशावर, तर टेकण्यासाठी दिलेल्या तेवढ्या एका जागेवर.

दरवर्षी सभागृहाच्या वर्धापनदिनाला मास्तर एक बावीस पानी रचना वाजवत. तिचं खरं नाव लांबलचक होतं, म्हणून सगळे तिला नुसतं 'मोठी रचना' म्हणत. तिचं पंधरावं आणि सोळावं पान फक्त पायांसाठी होतं. हातांना एक सूर नाही. हातांनी बाकाची कड घट्ट धरायची आणि पायांनी त्या बत्तीस पट्ट्यांवरून धावत सुटायचं. चवडा, टाच, पुन्हा चवडा, उजव्यामागून डावा, डाव्यावरून उजवा. असं साडेतीन मिनिटं. लिहिणाऱ्याने ते जिना चढताना मध्येच बसणाऱ्या माणसासाठी लिहिलेलं नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी, पंधराव्या पानाच्या दुसऱ्या ओळीत, मास्तरांच्या डाव्या पोटरीत असा गोळा आला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. पाय पुढे सरकेना. तेव्हा हातांनी आपण होऊन सतरावं पान सुरू केलं. मास्तर शेवटपर्यंत वाजवत राहिले आणि आता आपली शोभा होणार म्हणून मान खाली घालून उठले. टाळ्या दरवर्षीइतक्याच झाल्या. दोन माणसं तर म्हणाली, यंदा जास्त रंगलं. पुढच्या वर्षी ती पानं वाजवायचीच असं मास्तरांनी पक्कं ठरवलं होतं, पण चौदावं पान संपलं आणि त्यांच्याआधी त्यांच्या पोटरीला आठवण झाली. तिसऱ्या वर्षी त्यांनी ठरवलंही नाही. ऑर्गनची बैठक वरच्या सज्जात, लाकडी जाळीच्या आड होती, खालून मास्तरांचं फक्त टक्कल दिसे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

यंदा ती मूठ उघडायची वेळ आली. ऑर्गनची मोठी दुरुस्ती निघाली आणि दुरुस्तीवाल्यांनी कीबोर्ड, पट्ट्या, बाक असं सगळं सज्जातून काढून सरळ रंगमंचावर आणून ठेवलं. वायरने जोडलं की झालं, म्हणाले. आता मास्तरांची पाठ प्रेक्षकांकडे, आणि पाय तर दुकानाच्या काचेत मांडावेत तसे.

मग सेक्रेटरीबाईंनी त्यांना बोलावलं. या बाई सभागृहाच्या समितीचा कारभार बघत. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. आवाज चढवायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती. त्यांनी कार्यक्रमपत्रिकेचा कच्चा कागद मास्तरांपुढे सरकवला.

"वाचा."

मास्तरांनी वाचलं. 'पंधरावे आणि सोळावे पान केवळ पायांनी वाजवले जाते. प्रेक्षकांनी कृपया वादकाच्या पावलांकडे लक्ष द्यावे.'

"हे कशाला?" मास्तरांनी विचारलं.

"लोकांना कळायला नको? इतकी वर्षं तुम्ही वर बसून एवढे कष्ट केलेत, ते कोणी पाहिले तरी का?"

"नाही," मास्तर म्हणाले. "कोणी नाही पाहिले."

"आणि पानं मी उलटीन. मला नोटेशन वाचता येतं." बाईंनी कागदाची घडी घातली. "समितीचे सगळे पहिल्या रांगेत असतील. तुम्हाला आणखी पाच वर्षं ठेवायचं की कोणी तरुण माणूस बघायचा, ते त्या दिवशी ठरणार आहे. सहा आठवडे आहेत."

मास्तर घरी न जाता तडक ऑर्गनवर गेले. सभागृह रिकामं होतं. पहिल्या ओळीतच त्यांना दम लागला. दुसऱ्या ओळीत तोल सावरायला पुढे झुकले, तर पोट खालच्या कीबोर्डवर टेकलं आणि सात-आठ सुरांनी एकदम हंबरडा फोडला. मागे सरावं तर पाय पट्ट्यांना पुरेनात. अकरा वर्षांत पोटाने तेवढी प्रगती केली होती. तिसऱ्या ओळीत पोटरीने आपलं जुनं काम केलं आणि मास्तर बाकावर आडवे झाले. नोकरी जाईल हे तर होतंच. पण पायांकडे बघा असं छापून, सगळ्या शहराला गोळा करून, पाय हललेच नाहीत तर? झोपल्या झोपल्या त्यांना खरोखर रडू आलं.

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. मास्तरांना धरायचे होते जावयाचे, म्हणजे त्यांच्या मते फार फरक नव्हता. जावई व्यायामशाळा चालवायचा. लेकीने त्याला पहिल्यांदा घरी आणलं त्या दिवशी मास्तर स्वयंपाकघरात म्हणाले होते, "लोखंड उचलायचं आणि परत तिथेच ठेवायचं, याला काय धंदा म्हणतात?" ते त्याच्या कानावर गेलं होतं. लेकीनेच हसत हसत सांगितलं होतं. तेव्हापासून सासरा-जावयात सहा वर्षं फक्त हवापाण्याच्या गप्पा झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर व्यायामशाळेच्या दारात जाऊन उभे राहिले. जावई फरशी पुसत होता.

"बाबा? घरी सगळं बरं आहे ना?"

"बरं आहे. जावईबापू, तुमच्याकडे पायांचं काही असतं का?"

"पायांचं म्हणजे?"

मास्तरांनी सगळं सांगितलं, दोन पानांची चोरी तेवढी पोटात ठेवली. सवय सुटली आहे, इतकंच म्हणाले. जावयाने नीट ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "पण ते बसून वाजवतात ना?"

अर्ध्या तासात मास्तरांनी त्याला सभागृहात नेऊन बाकावर बसवलं होतं.

"दोन्ही पाय उचला. हात वरच्या कीबोर्डवर, लांब करा. पुढे झुकायचं नाही, मागे रेलायचं नाही. आता डावी टाच त्या टोकाला, उजवा चवडा या टोकाला. दाबू नका, नुसते अधांतरी धरा."

ज्याचा एक दंड मास्तरांच्या दोन्ही पंजांत मावला नसता, तो माणूस बाराव्या सेकंदाला थरथरायला लागला. विसाव्याला घसरला आणि पडता पडता त्याने दोन्ही हातांनी कीबोर्डचा आधार घेतला. ऑर्गनने अशी बोंब मारली की बाहेरचा पहारेकरी धावत आत आला.

जावई पट्ट्यांवर बसूनच म्हणाला, "बाबा, हे असं करता करता तुम्ही वाजवताही?"

"बावीस पानं," मास्तर म्हणाले. वीस म्हणायला हवं होतं, ते त्यांनी मनातल्या मनात म्हटलं. पण सहा वर्षांत पहिल्यांदाच हा मुलगा त्यांना बरा वाटला.

मग सुरू झाली मेहनत. मास्तर रोज सकाळी मोठ्या रबरी चेंडूवर बसत, पाय उचलत आणि हवेत ऑर्गन वाजवत. शेजारी वजनं उचलणारे लोक वजन हातात तसंच धरून बघत राहत. चौथ्या दिवसापासून मांड्या इतक्या धरल्या की मास्तर घरचा जिना उलटे, पाठमोरे उतरायला लागले. खालच्या मजल्यावरच्या बाईंना वाटलं, हे वर काहीतरी विसरलेत आणि कोणाशी तरी बोलत बोलत उतरतायत.

बायकोला त्यांनी फिरायला जातो असं सांगितलं होतं. ती म्हणाली, "अहो, शर्ट पिळून काढावा इतका ओला आणि बुटांना धूळ नाही. फिरायला जाता की पोहायला?"

"जावयाकडे जातो," मास्तर पुटपुटले.

"कोणाच्या?"

"आपल्याच."

"मग उद्यापासून दोन अंडी जास्त उकडते," एवढंच ती म्हणाली.

तिसऱ्या आठवड्यात जावयाने वाळूच्या पिशव्या काढल्या. एकेका किलोच्या, कापडी, घोट्याला बांधायच्या. "या बांधून ऑर्गन वाजवा. काढाल तेव्हा पाय पिसासारखे होतील." पहिले दोन दिवस मास्तरांचे पाय पट्ट्यांवर पोत्यासारखे आदळले. पण हळूहळू अंगाला उमज पडली. पोटाचा घेर दोन बोटं कमी झाला आणि बाक तेवढाच पुढे आला. पाचव्या आठवड्याच्या सुरुवातीला पंधरावं पान सलग वाजलं, आणि त्याच आठवड्याच्या शेवटी सोळावंही. मास्तर एकटेच बाकावर बसून हसत राहिले. आपण किती घाबरलो होतो हे त्यांना तेव्हा कळलं, कारण ती भीती जाताना जाणवली.

कार्यक्रमाला दोन दिवस राहिले तेव्हा जावयाने मोठ्या ऐटीत पिशव्या सोडल्या आणि म्हणाला, "आता वाजवा."

पाय पिसासारखे झाले होते हे खरं, आणि ते पिसासारखेच उडत होते. डाव्याला तिसरी पट्टी हवी तर तो पाचवीवर जाऊन बसे. साडेतीन मिनिटांची पानं दोन मिनिटांत संपली आणि त्यातले निम्मे सूर शेजारच्यांचे होते.

"हाच तर फायदा," जावई म्हणाला.

"तुमचा फायदा दोन पट्ट्या पुढे जाऊन पडतोय," मास्तर म्हणाले. "पाय जे शिकले ते वजनासकट शिकले. आता त्यांना वजनाशिवाय शिकवायला आणखी महिना लागेल."

जावयाने एक पिशवी पुन्हा मास्तरांच्या घोट्याशी धरून पाहिली. मग त्याने चोरट्या आवाजात विचारलं, "तुमची पँट किती सैल आहे?"

ती पुरेशी सैल नव्हती. बायकोने दोन्ही पायांची शिवण उसवून आतून कापड जोडलं. मास्तर पिशव्या बांधून आरशापुढे उभे राहिले, तर ती म्हणाली, "दोन्ही पाय सुजल्यासारखे दिसतायत. लोक म्हणतील, बिचारे या अवस्थेतही आले."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह खच्चून भरलं होतं. समितीची सात माणसं पहिल्या रांगेत, प्रत्येकाच्या मांडीवर पत्रिका. सेक्रेटरीबाई बाकाशेजारी ताठ उभ्या होत्या. जावई लग्नातला सूट घालून पडद्याच्या आड थांबला होता. पहिली चौदा पानं झकास गेली. मग बाईंनी पान उलटलं, मास्तरांनी हात उचलून बाकाची कड धरली, आणि पहिल्या रांगेतल्या सातही माना एकदम खाली वाकल्या.

पंधरावं पान गेलं. सगळं बिनचूक नाही, पण गेलं. पोटरी गप्प होती. मास्तरांच्या पाठीवरून घामाचे ओघळ वाहत होते आणि मनात गुदगुल्या होत होत्या.

सोळाव्या पानाच्या दुसऱ्या ओळीत त्यांच्या डाव्या बुटात काहीतरी झिरपायला लागलं. घाम असेल, मास्तरांना वाटलं. पण घाम टोचत नाही. पाय एकमेकांवरून नेताना रोज घोट्याला घोटा घासून डाव्या पिशवीची शिवण विरली होती. भीतीने माणसाच्या पायाखालची वाळू सरकते म्हणतात, मास्तरांची तर वरून सांडत होती. बुटात, पट्ट्यांवर, पट्ट्यांच्या फटींत. आणि डावीकडची दुसरी पट्टी दाबली गेली ती वर आलीच नाही.

तिची नळी घुमायला लागली. ती थांबेना. रंगमंचाच्या फळ्या कापायला लागल्या, समितीच्या अध्यक्षांचा चष्मा नाकावरून खाली सरकला. मास्तरांनी चवड्याने पट्टी उचकटून पाहिली. ढिम्म. आता थांबलं तर सगळं शहर बघणार, आणि वाजवत राहिलं तरी तो सूर सगळ्यांच्या डोक्यावर बसलेला. सतरावं पान हातांना तोंडपाठ होतं. हात बाकाच्या कडेवरून चार बोटं वर उठलेही.

मास्तरांनी बाईंकडे पाहिलं. बाई त्यांच्याकडे बघत नव्हत्या. त्या सोळाव्या पानावर डोळे लावून उभ्या होत्या, दोन बोटांत पानाचा कोपरा धरलेला, आणि तो कोपरा जरासुद्धा हलत नव्हता.

मास्तरांनी हात परत बाकावर ठेवले आणि पुढची ओळ वाजवायला घेतली.

पडद्याआडून जावयाने वाळू पाहिली होती. तो चार पायांवर रांगत रंगमंचावर आला, बाकामागे पालथा पडला आणि त्याने अडकलेल्या पट्टीखाली बोटं घालून ती वर उचलली. सूर थांबला. पण पट्टी आपली आपण वर यायला तयार नव्हती, आणि त्या पानावर ती अजून चौदा वेळा लागणार होती. पहिल्यांदा मास्तरांचा पाय किलोभर वजनासकट त्याच्या बोटांवरच आला. जावई "आई गं" म्हणाला, ते ऑर्गनखाली ऐकू गेलं नाही. पुढच्या वेळेपासून मास्तर पट्टी दाबायच्या आधी "हं" म्हणायला लागले. हं म्हटलं की जावई बोटं काढी, पट्टी खाली जाई, मग तो ती उचलून जागेवर ठेवी. लोखंड नव्हतं एवढंच, बाकी काम त्याच्या हातातलं होतं. तरी चारदा बोटं सापडलीच. इकडे वाळू गळून मास्तरांचा डावा पाय हलका होत चालला होता आणि उजवा तेवढाच जड. बाजारात नवराबायको चालावेत तसे दोघे मागेपुढे व्हायला लागले. डावा पुढे जाऊन थांबे, उजवा धापा टाकत येई.

शेवटी सेक्रेटरीबाईंनी पान उलटलं आणि मास्तरांचे हात सतराव्या पानावर असे पडले, जसा माणूस घरी आल्यावर खुर्चीत पडतो.

टाळ्या बराच वेळ चालल्या. मागच्या खोलीत आल्यावर मास्तरांनी डावा बूट काढून उलटा केला, तर फरशीवर छोटासा ढीग झाला. जावई पाण्याच्या भांड्यात दोन्ही हातांची बोटं बुडवून बसला होता. बायको हातात टॉवेल घेऊन उभी होती. तेवढ्यात सेक्रेटरीबाई बगलेत पुस्तक धरून आत आल्या.

"पंधराव्या पानावर सहा चुका," त्या म्हणाल्या. "सोळाव्यावर पंधरा. एकूण एकवीस."

मास्तरांनी मान खाली घातली.

"अकरा वर्षांत या दोन पानांवर तुमची एकही चूक झाली नव्हती."

मास्तरांच्या हातातला बूट तसाच राहिला. ते म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं."

"रचना बावीस मिनिटांची. तुमची साडेअठरा मिनिटांत संपायची. वजाबाकी मला येते."

बायकोने मास्तरांकडे पाहिलं. "आणि मी फिरायला जाण्याचं खोटं पकडलं म्हणून खूश होते," ती म्हणाली.

"मग अकरा वर्षं बोलला का नाहीत?" मास्तरांनी बाईंना विचारलं.

"मुलाने एखादं गणित गाळलं आणि भर वर्गात त्याला त्याबद्दल विचारलं, तर ते गणित तो जन्मात करत नाही. न बोलता तेच गणित परीक्षेत घालावं लागतं, सक्तीचं." बाईंनी पुस्तक टेबलावर ठेवलं. "सज्जात होतात तोवर परीक्षा घेता येत नव्हती."

मास्तर लाजेने लाल झाले होते. साठी उलटल्यावर असं लाजायला होतं हे त्यांना माहीत नव्हतं. "म्हणजे नापास," ते म्हणाले.

"नापास कोऱ्या पेपरला करतात. तुम्ही लिहिलात." बाई म्हणाल्या. "मध्ये तुम्ही हात उचललेत, ते मी पाहिलं. परत खाली ठेवलेत, तेही पाहिलं."

मास्तरांनी बूट मांडीवर घेतला आणि ते रडायला लागले, आणि रडता रडता त्यांना हसूही येत होतं, कारण एकवीस चुका करून इतकं मोकळं वाटलेला माणूस त्यांनी तरी दुसरा पाहिला नव्हता. बायको "अहो" म्हणाली आणि टॉवेल त्यांच्या हातात दिला.

दाराशी जाऊन बाई वळल्या. "समितीने पाच वर्षं दिली आहेत. त्यांना चुकांचं काही कळलेलं नाही आणि रांगत आलेला माणूस त्यांना दुरुस्तीवाला वाटला. फक्त एक विचारलंय. मध्ये तो एक सूर सलग घुमत होता, तो सगळ्यांना फार आवडला. दरवर्षी ठेवता येईल का?"

जावयाने भांड्यातले दोन्ही हात काढले आणि हळूच पाठीमागे नेले.